गोणपाटावरचे गालिचे: एका हातकामाचा हिशेब



मागच्या भागात आपण गोधडीबद्दल बोललो. त्यावर इंदूर, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली अशा अनेक ठिकाणांहून प्रतिक्रिया आल्या. बहुतेकांनी आजीच्या गोधडीच्या आठवणी लिहिल्या. बडोद्याच्या एका ताईंनी मात्र नेमका प्रश्न विचारला. "काका, आठवणी ठीक आहेत, पण असं हातकाम करणाऱ्या बाईला त्यावर जगता येतं का?"

प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ द्यायला हवे. त्यासाठी आज आपण जरा लांब जाऊ, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर. माझी मुलगी नोकरीनिमित्त हॅलिफॅक्सला असते, त्यामुळे दोन उन्हाळे मी तिकडे काढले. तिथे जुन्या कपड्यांच्या पट्ट्यांपासून गालिचे करण्याची कला आहे, तिला रग हुकिंग म्हणतात. ताईंचा प्रश्न तिथल्या बायकांसमोर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा आला आणि त्यांनी त्याची वेगवेगळी उत्तरे शोधली.

आधी हे काम कसे होते ते समजून घेऊ.

आपल्याकडे गालिचा म्हटले की भदोही किंवा काश्मीर आठवते. तिथे मागावर ताणा असतो आणि एकेक गाठ मारली जाते. रग हुकिंगमध्ये मागही नाही आणि गाठही नाही. एका लाकडी चौकटीवर गोणपाट ताणून बसवायचे. हातात लाकडी मुठीची आकडी घ्यायची, क्रोशाच्या सुईची थोरली बहीणच म्हणा. डाव्या हाताने गोणपाटाखाली लोकरी कापडाची लांब पट्टी धरायची. उजव्या हाताने वरून आकडी भोकात घालायची, पट्टी पकडायची आणि तिचा फास वर ओढायचा. एक-दोन भोके सोडून पुढचा फास. टर्किश टॉवेलवर जसे फास दिसतात तसेच, पण जाड आणि एकमेकांना खेटून. पट्टी गाठीने नव्हे, शेजारच्या फासांच्या दाबाने जागेवर राहते.

ऐकायला सोपे वाटते. पण प्रत्येक भोकात फास भरला तर गालिचा फुगून वाकडा होतो, आणि फार सोडले तर गोणपाट दिसते. फास सगळे सारख्या उंचीचे हवेत. पट्टीचे टोक वरच्या बाजूला आणून कापायचे, खाली लोंबकळत ठेवायचे नाही. मागच्या बाजूने एक पट्टी दुसरीवरून जाऊ द्यायची नाही, नाहीतर ती पायाखाली घासून तुटते. ही शिस्त हातात बसायला वर्ष-दोन वर्षे लागतात.

आकडी हातात येण्यापूर्वीच अर्धे काम झालेले असते. जुने लोकरी कोट आणि स्कर्ट उसवायचे, गरम पाण्यात धुवायचे म्हणजे कापड आटून घट्ट होते आणि कापल्यावर धागे सुटत नाहीत. मग रंगकाम. पूर्वी कांद्याच्या साली, दगडफूल अशा गोष्टींतून रंग काढत, नंतर पुड्यांतले रंग आले. आभाळ दाखवायचे तर एकच निळा चालत नाही, एकाच निळ्याच्या सात-आठ छटा लागतात. मग पट्ट्या कापायच्या. हल्ली त्यासाठी छोटे हातयंत्र असते आणि पातीला क्रमांक असतो. तीन क्रमांक म्हणजे इंचाचे तीन बत्तिसांश, आठ क्रमांक म्हणजे पाव इंच. बारीक पट्टीने चेहरा काढता येतो, रुंद पट्टीने डोंगर आणि समुद्र. भरायच्या जागेच्या साधारण चौपट-पाचपट कापड लागते. शेवटी ओल्या फडक्यावरून इस्त्रीची वाफ द्यायची आणि कडेने दोरा घालून लोकरीने गुंडाळायचे.

आता त्या गोणपाटाबद्दल. लष्करातल्या माणसाला गोणपाट वेगळे सांगावे लागत नाही. सँडबॅगा भरण्यात आणि रचण्यात आमच्या पिढीची कितीतरी वर्षे गेली. पण हे कापड कॅनडातल्या कोळ्यांच्या घरात कसे पोचले? ताग आपल्या बंगालचा. तो स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत जाऊ लागला, आणि १८५५ मध्ये कोलकात्याजवळ रिश्रा येथे आपल्याकडची पहिली ताग गिरणी निघाली. जगाचे धान्य, कॉफी, पशुखाद्य तागाच्या पोत्यांतून फिरू लागले. पोते रिकामे झाले की घरच्या बाईला फुकटात सैल विणीचे मजबूत कापड मिळे. रग हुकिंगचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, त्यामागे हे पोते आहे. पहिल्या महायुद्धात याच कापडाच्या कोट्यवधी सँडबॅगा खंदकांत गेल्या. १ जुलै १९१६ रोजी बोमाँ-हामेल येथे न्यूफाउंडलंड रेजिमेंटचे सुमारे ८०० जवान हल्ल्याला उठले. दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ उभे होते. त्यांतले कित्येक याच कोळी वस्त्यांतले. मुलगा ज्या कापडाच्या पोत्यांमागे उभा होता, त्याच जातीच्या कापडावर घरी आई गालिचा भरत होती.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ.

सुरुवातीला या कामाला किंमत अशी नव्हतीच. गारठलेल्या लाकडी जमिनीवर पायाखाली काहीतरी हवे, म्हणून बायका हिवाळ्यात गालिचे करत. न्यूफाउंडलंडमध्ये फेब्रुवारी-मार्च हा त्याचा मोसम. मासेमारी बंद, बाहेर बर्फ. पहिला पैसा मिळवला तो करणाऱ्या बाईने नव्हे, नमुना विकणाऱ्याने. अमेरिकेच्या मेन राज्यात एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट नावाचा फेरीवाला होता. यादवी युद्धात शिपाई होता, आजारपणामुळे सुटला आणि गाडीवर पत्र्याची भांडी विकू लागला. १८६० च्या दशकात त्याने पत्र्याच्या स्टेन्सिल कापून गोणपाटावर फुलांचे आणि प्राण्यांचे नमुने छापले आणि ते दारोदार विकले. धंदा चालला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजही या क्षेत्रात तसेच आहे. तयार गालिच्यापेक्षा तो करण्याचे साहित्य अधिक सहज विकले जाते.

दुसरे उत्तर मिशनच्या दवाखान्यातून आले. विल्फ्रेड ग्रेनफेल हा इंग्रज डॉक्टर १८९२ मध्ये न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर गेला. तिथल्या कोळ्यांच्या हाती रोख पैसा क्वचितच येई. व्यापारी हंगामाच्या सुरुवातीला पीठ, मीठ, जाळी उधार देई आणि शेवटी मासळी घेऊन हिशेब मिटवी. आपल्या ऊसतोड कामगारांची उचल आठवा, तोच प्रकार. १९०६ मध्ये जेसी लूथर नावाची अमेरिकन बाई तिथे आली. हातकामातून रुग्णांना उभे करण्याच्या शास्त्रातली ती सुरुवातीची जाणकार. हे शास्त्र मला परके नाही. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये ज्यांनी आमच्या जखमी जवानांना काम करताना पाहिले आहे, त्यांना हाताला काम मिळण्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

मिशनने बायकांना ठरलेला नमुना, कापलेले गोणपाट आणि रंगवलेले साहित्य द्यायला सुरुवात केली. पांढरी अस्वले, कुत्र्यांच्या गाड्या, हिमनग, बोटी असे तिथलेच विषय. पुढे अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या स्त्रियांना आवाहन झाले की रेशमी पायमोजे फाटले तर फेकू नका, आम्हाला पाठवा. ते मोजे रंगवून, बारीक पट्ट्या कापून इतके घट्ट काम होई की उत्तम नगात एका चौरस इंचात २०० पर्यंत फास बसत.

जरा हिशेब करू. चौरस इंचाला २०० म्हणजे चौरस फुटाला २८,८०० फास. एका फासाला दोन सेकंद धरले तर न थांबता १६ तास. दोन फूट बाय तीन फुटांचा नग म्हणजे ९६ तास, रोजचे आठ तास धरले तर बारा दिवस. यात स्वयंपाक, मुले, लाकडे आणि पाणी धरलेले नाही. मोबदला बऱ्याचदा रोखीऐवजी कपड्यांत मिळे. त्यावर नाके मुरडता येतील, पण ज्या घरात दुसरे काहीच येत नव्हते तिथे मुलांच्या अंगावर गरम कपडा आला, हेही खरे. पुढे जागतिक मंदीत विक्री घसरली आणि युद्धकाळात रेशमी मोजे मिळेनासे झाले. एकाच गिऱ्हाइकावर आणि दुसऱ्याने पुरवलेल्या मालावर उभा असलेला धंदा असा अडतो. आम्ही याला एकाच रस्त्यावर अवलंबलेली रसद म्हणतो.

तिसरे उत्तर शेतिकाँचे. केप ब्रेटन बेटावरचे हे फ्रेंच बोलणाऱ्या अकेडियन लोकांचे मासेमारी गाव. इथे १९२० च्या दशकात लिलियन बर्क ही अमेरिकन कलावंत बाई आली. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या कुटुंबाशी तिचा स्नेह होता. तिने चिंध्यांऐवजी लोकरीचा बारीक धागा आणि भडक रंगांऐवजी सौम्य रंग आणले, आणि न्यूयॉर्कची गिऱ्हाइके मिळवली. गावात पैसा आला. पण आपल्या हातात पडते किती आणि तिकडे किंमत किती, हा प्रश्नही बायकांना पडला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मजुरीवरून मतभेद झाले आणि बऱ्याच जणी वेगळ्या होऊन स्वतः विकू लागल्या. पुढे गावात कारागिरांची सहकारी संस्थाही निघाली. महाराष्ट्रातल्या, गुजरातेतल्या वाचकांना सहकार शिकवायला नको. विक्री आपल्या हाती आल्याशिवाय दर आपल्या हाती येत नाही, एवढेच त्याचे सार.

याच परिसरातली एलिझाबेथ लेफोर्ट. जन्म १९१४, निधन २००५. तिने लोकरीच्या फासांतून माणसांचे चेहरे काढले. एका गालाच्या छायाप्रकाशासाठी ती लोकर स्वतः रंगवत असे. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर, राणी एलिझाबेथ, पोप यांची तिने केलेली चित्रे मोठ्या ठिकाणी पोचली. १९८७ मध्ये तिला ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मान मिळाला. शेतिकाँच्या 'ले त्र्वा पिन्यों' संग्रहालयात तिच्या कामाचे दालन आहे, ते मी पाहिले. हातभर अंतरावरून नुसते ठिपके दिसतात आणि दहा पावले मागे गेलो की माणूस दिसतो. तिच्यामुळे एक गोष्ट पक्की झाली. हेच काम जमिनीवर अंथरले तर त्याला पायपुसणे म्हणतात, भिंतीवर लावून खाली नाव लिहिले तर चित्र म्हणतात, आणि दर बदलतो.

मग आजच्या कलावंताचे काय? तिकडच्या हातकामाच्या दुकानांत पाहिले तर धंदा एका पायावर उभा दिसत नाही. स्वतःचे मोठे काम वर्षाला मोजकेच होते. त्याच्या जोडीला नमुने छापलेले गोणपाट, रंगवलेली लोकर, नवशिक्यांचे संच आणि शिकवणीचे वर्ग. अनेकींच्या घरखर्चाचा मोठा भाग या जोडउद्योगांतून निघतो आणि त्याच्या जोरावर स्वतःचे चित्र सावकाश करण्याची मोकळीक मिळते. शरीराचाही हिशेब आहे. मनगट, खांदा आणि मान आधी कुरकुरतात. म्हणून चौकटीची उंची, उजेड आणि दर तासाला उठण्याची शिस्त या गोष्टी रंगांइतक्याच महत्त्वाच्या.

आणखी एक सल. ताग कालांतराने ठिसूळ होतो. वरची लोकर शाबूत असते आणि खालचे गोणपाट तुटते. म्हणून आता जाणकार मंडळी लिननचे किंवा सुती कापड वापरतात. जुने नग असेच गेले, आणि काही वेगळ्या तऱ्हेने गेले. फेरीवाले गावोगाव फिरत, नवे चकचकीत लिनोलियम देत आणि बदल्यात आजीचे गालिचे नेऊन शहरात जुन्या वस्तू म्हणून विकत. घरच्या माणसांना त्या गालिच्याची किंमत ठाऊक नव्हती, फेरीवाल्याला होती. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांवर स्टील घेतलेली घरे थोडी नाहीत.

तर बडोद्याच्या ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. नुसते नग विकून जगणे कठीण आहे, तिथेही आणि इथेही. जिने तास मोजले, नमुना स्वतःचा केला, विक्री स्वतःकडे किंवा आपल्या संस्थेकडे ठेवली आणि शिकवण्याचेही पैसे घेतले, तिला जगता येते.

आपल्या बाजूने दोन कामे करता येतील. घरात कोणी गोधडी, कौदी, कांथा करत असेल तर एका नगाला लागलेले तास एकदा वहीत लिहून काढा आणि मगच दर ठरवा. घासाघीस करणाऱ्याला ती वही दाखवा. आणि कोणाकडे असा हुक केलेला गालिचा असेल तर तो झटकू, बडवू नका आणि घडी घालू नका. फासांची बाजू बाहेर ठेवून गुंडाळी करा, म्हणजे पाठीचे कापड टिकेल.

तास लिहिलेली वही कोणी पाठवली तर पुढच्या एखाद्या भागात तिच्यावर जरूर बोलू. जय हिंद.