वारसा जनुकांचा (लेखांक ६) : आधी विचार कशाचा?

बीआरसीए १ आणि बीआरसीए २ या जनुकांतला, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यता वाढवणारा बिघाड आई किंवा वडील यांपैकी कुणाकडूनही येऊ शकतो आणि प्रत्येक मुलामुलीत उतरण्याची शक्यता निम्मी असते, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. त्यातलं ‘वडील’ पुन्हा सांगायला हवं. घरात कुणाला कॅन्सर होता का, असं विचारलं की आपल्याकडच्या बायका आई, मावशी, आजी यांची नावं घेतात. आत्या राहून जाते. ती लग्न होऊन कागलला नाहीतर गडहिंग्लजला गेलेली, तिचं आजारपण तिच्या सासरच्या खात्यात जमा! पण आत्याला चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर तोच बिघाड तिच्या भावाकडे आणि त्याच्याकडून भाचीकडे आलेला असू शकतो.

तपासणी शक्यतो आजारी पडलेल्या बाईपासूनच सुरू करावी. तिच्या रक्तात बिघाड सापडला, की इतरांत नेमका तेवढाच शोधता येतो. रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ अशा प्रकारचा बदल आला, तर केवळ त्यावरून कुठलंही ऑपरेशन करून घेऊ नये.

आता निर्णयाकडे येऊ. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, बीआरसीए १ मध्ये बिघाड असलेल्या बाईला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के, तर अंडाशयाचा होण्याची ४४ टक्के. बीआरसीए २ मध्ये हेच आकडे ६९ आणि १७. ते बहुतांशी पाश्चात्त्य कुटुंबांवरून काढलेले आहेत, हे ध्यानात ठेवावं.

हे आकडे वाचले की पहिली भीती स्तनाची वाटते. अभिनेत्री अँजेलिना जोलीनं २०१३ मध्ये दोन्ही स्तन काढून घेतल्याचं जाहीर केलं, तेच जगाच्या लक्षात राहिलं. पण तिची आई ५६व्या वर्षी गेली ती अंडाशयाच्या कॅन्सरनं, आणि २०१५ मध्ये जोलीनं अंडाशयं आणि बीजवाहक नळ्याही काढून घेतल्या. माझं स्पष्ट मत असं, की अंडाशयाचा प्रश्न जास्त निकडीचा आहे. कारण साधं आहे : स्तनावर लक्ष ठेवता येतं, अंडाशयावर नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी यांच्या भरवशावर राहता येत नाही. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण जोखमीच्या २ लाखांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, त्यातल्या साधारण निम्म्या जणींची वर्षानुवर्षं अशी तपासणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. पोट फुगल्यासारखं वाटतं, भूक मंदावते, बाई पित्ताच्या गोळ्या घेत राहते आणि तोवर आजार पोटभर पसरलेला असतो.

म्हणून मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए १ असेल तर ३५ ते ४० आणि बीआरसीए २ असेल तर ४० ते ४५ या वयात अंडाशयं व नळ्या काढण्याचा सल्ला देतात. नळ्याही काढायच्या, कारण यातले बरेच कॅन्सर नळीच्या टोकाशीच सुरू होतात. यानं अंडाशयाच्या कॅन्सरची जोखीम सुमारे ८० टक्क्यांनी घटते. किंमतही आहे : पाळी एकदम बंद होते, अंगाची आग होते, हाडं ठिसूळ होतात. स्तनाचा कॅन्सर झालेला नसेल, तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या घेता येतात का, हे डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधीच विचारावं.

इथे एक गैरसमज जिवावर बेतू शकतो. “माझी पिशवी काढलीय, मला कशाची भीती?” असं म्हणणाऱ्या बायका आपल्याकडे गावोगाव भेटतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. ते काढताना अंडाशयं बऱ्याचदा आत ठेवलेली असतात, आणि तरुण बाईच्या बाबतीत एरवी ते योग्यच असतं. घरात हा बिघाड असेल, तर ऑपरेशनचा जुना कागद शोधून डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे.

स्तनाबाबत इतकी घाई नसते. पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून जोडीला मॅमोग्राफी, हा मार्ग आहे. त्यानं कॅन्सर टळत नाही, पण लवकर सापडतो. दोन्ही स्तन काढले तर जोखीम ९० टक्के किंवा त्याहूनही जास्त घटते, मात्र छातीची संवेदना जाते आणि बाळाला अंगावर पाजता येत नाही. जिला दरवर्षीच्या तपासणीची धास्ती सोसत नाही, तिनं ऑपरेशन निवडावं. जिला सोसते, तिनं तपासणी. दोघींनाही सासूनं किंवा शेजारणीनं बोल लावू नये.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्या भागात अजून आहे. तिथे नवराबायको दोघांकडे बीआरसीए २ चा तोच बिघाड असू शकतो. तसं असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो दोन्हीकडून मिळण्याची शक्यता चारात एक, आणि त्यातून फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा गंभीर आजार होतो. अशा घरांनी मूल होण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा.

हा सल्ला मुंबईच्या टाटा रुग्णालयात मिळतो. महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाताना फक्त स्वतःची फाईल नेऊ नका. कुणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी कॅन्सर झाला, हे दोन्ही घराण्यांचं लिहून न्या. आत्याला त्यासाठी आजच फोन करा.