पथ्य आणि त्याची मुदत
‘पथ्य’ हा शब्द वाट या अर्थाच्या ‘पथिन्’वरून सिद्ध झाला, ही वाट किती काळ चालावी, हा प्रश्न कीटोजेनिक आहाराबाबत विशेष महत्त्वाचा ठरतो. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी अपस्मारावर तो सुचविला. पिष्टमय पदार्थ अत्यल्प व स्निग्ध पदार्थ विपुल असल्याने यकृतात कीटोने निर्माण होतात आणि उपवासाचा परिणाम उपवासाविना साधतो. जॉन्स हॉपकिन्स येथील २००६ च्या पाहणीत, सहा किंवा अधिक वर्षे हा आहार घेतलेल्या २८ मुलांपैकी बहुतेकांचे झटके पुष्कळच घटले. मात्र ७ जणांना मूतखडे झाले, ६ जणांची हाडे मोडली, अनेकांची वाढ खुंटली. म्हणूनच अपस्मारातही तो वैद्यकीय देखरेखीखाली व बहुधा दोनेक वर्षेच देतात. गुण येणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे.