ट्रकच्या धडकेनंतर गाडीतील यंत्राची नोंद पुरावा म्हणून कशी मिळवावी? (एच. डी. कोटे, म्हैसूर जिल्हा)

ट्रकच्या अपघातात जखमी झालेल्या किंवा घरचे माणूस गमावलेल्या कुटुंबाला भरपाईच्या दाव्यात एक वाक्य हमखास ऐकावे लागते : "ट्रक हळूच होता, दुचाकीच अंगावर आली." पाहणारा कोणी नसेल तर हे खोडायचे कसे? आणि खोडले नाही तर नुकसान थेट पैशांत होते. समजा भरपाई १० लाख रुपये ठरली आणि न्यायाधिकरणाने दुचाकीस्वाराची ३० टक्के चूक धरली, तर त्यातले ३ लाख कापले जातात.

म्हैसूरहून एच. डी. कोटेमार्गे मानंदवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा प्रश्न जास्त बिकट होतो. अंतरसंतेनंतर रस्ता नागरहोळेच्या जंगलात शिरतो. तिथे दुकाने नाहीत, कॅमेरे नाहीत, वस्ती विरळ. अशा ठिकाणी साक्षीदार बहुधा एकच उरतो, तो म्हणजे ट्रकमध्येच बसवलेले यंत्र.

हे यंत्र कोणत्या ट्रकमध्ये असते?

कायद्याच्या भाषेत त्याचे नाव लांबलचक आहे. लोक त्याला 'जीपीएस' म्हणतात, आपणही तेच म्हणू. केंद्राच्या नोव्हेंबर २०१८ च्या नियमदुरुस्तीनुसार राष्ट्रीय परवान्यावर चालणाऱ्या मालवाहू गाडीत असे यंत्र असणे बंधनकारक आहे. या गाड्यांच्या पुढे-मागे 'नॅशनल परमिट' किंवा 'एन/पी' असे लिहिलेले असते. अपघातस्थळी कोणी फोटो काढत असेल तर नंबरप्लेटसोबत ही अक्षरेही येऊ द्या. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीत याशिवाय टॅकोग्राफ लागतो. गाडी किती वेळ चालली आणि किती वेगाने चालली, हे तो नोंदवतो. नव्या ट्रकांमध्ये कंपनीची स्वतःची माहितीयंत्रणाही असते. टाटाची 'फ्लीट एज' आणि अशोक लेलँडची 'आय-अलर्ट' ही त्याची उदाहरणे. अशा गाडीची माहिती मालक आपल्या मोबाइलवर पाहू शकतो.

'एआयएस-१४०' या मानकाचे जीपीएस यंत्र ठरावीक सेकंदांनी जागा, वेळ आणि वेग नोंदवते. जोरात ब्रेक दाबला, गाडी झटक्यात वळवली किंवा यंत्राची वायर तोडली, तर त्याचाही इशारा नोंदला जातो. मुख्य बॅटरी तुटली तरी आतली बॅटरी किमान ४ तास चालली पाहिजे, अशी अट आहे. जंगलात मोबाइलची रेंज नसेल तर नोंदी यंत्रातच साठतात आणि रेंज आल्यावर पुढे जातात. त्यामुळे "तिथे नेटवर्कच नव्हते, माहिती कुठून येणार?" असे कोणी म्हणाले तर लगेच मान डोलावू नका.

घाई का करायची?

कारण ही नोंद टिकून राहत नाही. मानकाप्रमाणे यंत्रात किमान ४०,००० नोंदी मावल्या पाहिजेत. दर दहा सेकंदांना एक नोंद धरली तर हा साठा साडेचार दिवसांत भरतो. ट्रक पुन्हा धंद्याला लागला की जुन्या नोंदींवर नव्या बसू लागतात. ट्रक सुटायलाही फार वेळ लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे तपासणीचे सोपस्कार संपल्यावर गाडी २४ तासांत परत द्यायची असते. सर्व्हरवर प्रत असू शकते, पण तो सर्व्हर मालकाने पैसे देऊन घेतलेल्या सेवेचा असेल तर त्याच्या चावीवर तुमचा ताबा नसतो.

दवाखान्याची धावपळ चालू असताना अर्ज लिहायला कोणाला सुचणार, हे खरे आहे. म्हणून हे काम घरातल्या ज्याला दवाखान्यात थांबायचे नाही अशा माणसाकडे पहिल्याच दोन-तीन दिवसांत सोपवा. (उपचारांसाठी २०२५ ची केंद्राची विनारोकड योजना आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. दाखल करतानाच रुग्णालयाला विचारा.)

अर्ज तपास अधिकाऱ्याच्या नावे, गुन्हा नोंदलेल्या पोलीस ठाण्यात द्या. मजकूर असा ठेवता येईल :

"दि. ___ रोजी ___ वाजता ___ येथे वाहन क्र. ___ च्या धडकेत माझे नातलग ___ हे जखमी / मृत झाले. या वाहनातील जीपीएस यंत्र, वेगनियंत्रक आणि कॅमेरा असल्यास त्याचे कार्ड पंचनामा करून ताब्यात घ्यावे. अपघातापूर्वीच्या २४ तासांतील व नंतरच्या २४ तासांतील जागा, वेग, ब्रेक आणि वीजपुरवठा तुटल्याच्या नोंदी वाहनमालक, यंत्र पुरवठादार व परिवहन विभाग यांच्याकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागवाव्यात. त्या नष्ट होऊ नयेत असे त्यांना लेखी कळवावे."

मागचे २४ तास मुद्दाम मागायचे. चालक किती तास सलग गाडी चालवत होता हे त्यातून दिसते. कायद्याप्रमाणे कामाची मर्यादा सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास आहे. ट्रक रात्रभर चाललेला असेल, तर निष्काळजीपणाची जबाबदारी चालकापाशी थांबत नाही, ती मालकापर्यंत जाते.

अर्ज कन्नडमध्ये असेल तर ठाण्यात काम लवकर होते, हे सरळ सांगायला हवे. मराठी मजकूर तालुका विधी सेवा समितीत दाखवून कन्नड करून घ्या. पोचेचा शिक्का घ्या, एक प्रत स्पीड पोस्टाने म्हैसूरच्या जिल्हा पोलीस अधीक्षकांना आणि एक ट्रकच्या मालकाला पाठवा. यंत्राला स्वतः हात लावू नका. वायर ओढली, कार्ड काढले, की "यांनीच फेरफार केला" म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

प्रमाणपत्राशिवाय छापील कागद कच्चा

मालकाच्या मोबाइलवरच्या पडद्याचा फोटो किंवा नकाशाची छापील प्रत एवढ्यावर भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात : एक, नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा, तज्ज्ञाचा. त्यात 'हॅश' नावाचा लांब आकडा असतो. तो फाइलचा अंगठा समजा. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो.

पण ज्याच्याकडे नोंद आहे तोच प्रमाणपत्र द्यायला नकार देत असेल तर? याचे उत्तर महाराष्ट्रातल्या जालन्याच्या एका खटल्यातून मिळाले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले गेले का, असा वाद होता. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण. मागणी करूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. मूळ यंत्रच न्यायालयासमोर आणले नसेल तर प्रमाणपत्र आवश्यक आहे. पण पक्षकाराने ते मागण्यासाठी शक्य ते सारे केले असेल, न्यायालयाकडेही अर्ज केला असेल आणि तरी ते मिळाले नसेल, तर त्याच्या माथी दोष येत नाही. निकाल जुन्या साक्ष कायद्यातला असला तरी तुमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की 'मागितले होते' याचा कागद जपून ठेवायचा. वर सांगितलेला पोचेचा शिक्का इथे कामी येतो.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणालाही कलम १६९ प्रमाणे कागदपत्रे हजर करायला लावण्याचा अधिकार आहे. मालकाने नोंद दडवली असे दिसले, तर ती त्याच्या विरोधात जाणारी होती असे न्यायालय धरू शकते (साक्ष्य अधिनियम, कलम ११९). तसे धरलेच पाहिजे असे मात्र नाही.

नोंद हातात आल्यावर

आधी वेळ पाहा. यंत्रातली मूळ नोंद भारतीय वेळेत नसते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. कागदावर १३:१० असेल तर प्रत्यक्षात संध्याकाळचे ६:४० वाजलेले असतात. या रस्त्यावर हा फरक फार मोठा आहे, कारण जंगलातला मानंदवाडी रस्ता संध्याकाळी ६ ते सकाळी ६ वाहतुकीला बंद असतो. साडेपाच तासांचा घोळ झाला, तर बंद वेळेत जंगलात शिरलेला ट्रक भर दुपारी गेल्यासारखा दिसेल. चौकीवरची नोंद असल्यास तिच्याशी वेळ ताडून घ्या.

मग वेग. ट्रकचा वेगनियंत्रक ताशी ८० किलोमीटरवर बांधलेला असतो, म्हणून ८० ची परवानगी आहे असा युक्तिवाद होतो. तो टिकत नाही. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मालगाडीची कमाल मर्यादा ८० आहे, इतर रस्त्यांवर ६०. स्थानिक फलकावर त्याहून कमी आकडा असेल तर तो लागू.

या नोंदीतून सगळेच सिद्ध होत नाही. जीपीएसची जागा काही मीटर इकडेतिकडे होते, त्यामुळे ट्रक रस्त्याच्या कोणत्या बाजूला होता हे त्यावरून ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी घटनास्थळाचा पंचनामा, टायरच्या खुणा आणि फोटोच लागतात. शिवाय नोंद तुमच्या विरोधातही जाऊ शकते. ट्रक खरोखर ताशी ३० ने चालला असेल तर तेच दिसेल.

मुदत आणि सही

पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. पहिल्या अहवालाची प्रत मागून घ्या. त्यात जीपीएसचा उल्लेख नसेल तर पुन्हा अर्ज करा. कलम १६६ चा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, म्हणून उशीर झाला असला तरी वकिलाला विचारल्याशिवाय सोडून देऊ नका. दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा तुम्ही राहता त्या भागातील न्यायाधिकरणातही करता येतो. सांगली किंवा कोल्हापूरच्या कुटुंबाला प्रत्येक तारखेला म्हैसूर गाठण्याची गरज नाही.

कलम १६४ खाली चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. पण विमा कंपनीशी कलम १४९ च्या पद्धतीने तडजोड करून ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. कमावत्या तरुण माणसाच्या मृत्यूत दाव्याची रक्कम याहून बरीच मोठी होऊ शकते. तेव्हा घरी कागद घेऊन कोणी आले तर यंत्राची नोंद येईपर्यंत आणि वकिलाने तो वाचेपर्यंत सही थांबवा.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.