जुना आजार आणि नवी कळ

जुन्या दुखण्याचा आणि माणसाचा एक प्रकारचा घरोबा जमतो. कोणत्या ऋतूत ते उसळते, सकाळी बोटे किती वेळ आखडलेली राहतात, कोणत्या गोळीने किती तासांची सुटका मिळते, हे सारे रोग्याला पाठ होऊन जाते. अशा माणसाचा एखादे दिवशी आजवर कधीही न दुखलेला सांधा दुखू लागतो. मनगटे आणि बोटे यांचे दुखणे त्याच्या ओळखीचे असते. आज मात्र गुडघा सुजलेला असतो. अशा वेळी काय समजावे आणि काय करावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी वैद्यकशास्त्राचा पंडित नव्हे. सरकारी कचेरीत कागद हाताळणारा माणूस आहे आणि गेली बारा वर्षे आमवाताचा रोगी आहे. म्हणून दाखला कचेरीतलाच देतो. आलेले टपाल प्रथम आवक बारनिशीत नोंदले जाते, मग ते कोणीतरी वाचतो, आणि त्यानंतरच ते कोणत्या फायलीला लावायचे हे ठरते. पाकिटावरचे अक्षर ओळखीचे दिसले म्हणून कागद न वाचताच जुन्या फायलीला लावला, तर त्यातली निकडीची बाब महिनोन् महिने तशीच पडून राहते. नव्या सांधेदुखीचेही असेच आहे. ‘आपल्याला वात आहेच, त्यातलेच हे’ असे म्हणून रोगी ती कळ सोसतो. किंवा घाबरून जाऊन जुन्या औषधाची मात्रा आपल्याच हाताने वाढवतो. दोन्ही प्रकारांत नवा कागद न वाचताच राहिलेला असतो.

प्रथम दाह म्हणजे काय ते पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सांगितली. दाह ही मुळात शरीराची संरक्षणाची तजवीज होय. जखम झाली, जंतू शिरले, की रक्तातील संरक्षक पेशी तेथे धाव घेतात. परंतु काही माणसांत हे संरक्षक दल शत्रू नसतानाही आपल्याच घरावर चालून जाते. सांध्याच्या आतील नाजूक अस्तर हे त्याचे लक्ष्य ठरले म्हणजे ते अस्तर जाड होते, सांध्यात पाणी साठते, आणि उपचार न झाल्यास कूर्चा व हाड खाल्ले जाते. माधवकराच्या ‘माधवनिदाना’त आमवातावर स्वतंत्र प्रकरण आहे, आज ज्याला आपण बोलीत आमवात म्हणतो त्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असे नाव देतात.

दाहाच्या या कुळात आणखीही आजार आहेत, आणि त्यांतील काहींचा सांध्यांशी संबंध चटकन ध्यानात येत नाही. सोरायसिस हा त्वचेचा विकार. पण तो असणाऱ्या अनेकांचे सांधे काही वर्षांनी धरतात. आतड्याच्या जुन्या दाहात पोट बिघडले की त्याबरोबर गुडघा किंवा घोटा सुजू शकतो. पाठीचा कणा आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या विकारात टाच दुखते, डोळा लाल होऊन ठणकतो. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना सांध्याविषयी आणि पोटाच्या डॉक्टरांना घोट्याविषयी सांगणे हे विषयांतर नव्हे. जुना आजारच कधी कधी असा नव्या ठिकाणी बिऱ्हाड थाटतो.

पण प्रत्येक वेळी तसेच असते असे नाही, आणि खरी मेख येथेच आहे. दाहाचा रोगी इतर माणसांना होणाऱ्या दुखण्यांतून मुक्त झालेला नसतो. वय वाढते तशी त्याचीही कूर्चा झिजते. ही झीज आणि दाह यांतला भेद पुष्कळदा घरच्या घरी जाणवतो. दाहाचा सांधा विश्रांतीने आखडतो. सकाळी अर्धा तास, तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ तो हलू देत नाही, आणि हालचालीने सैल होतो. झिजेचा सांधा वापराने दुखतो, जिना उतरताना कुरकुरतो आणि बसल्यावर शांत होतो. त्याचा सकाळचा ताठरपणा थोड्याच वेळात जातो. दाहाच्या सांध्यावर हात ठेवला तर तो ऊन लागतो. ही ठोकताळ्याची कसोटी आहे, निदान नव्हे. तरी डॉक्टरांना सांगण्यास ती फार उपयोगी पडते.

दुसरे दुखणे वातरक्ताचे, म्हणजे गाऊटचे. मध्यरात्री पायाचा अंगठा पेटल्यासारखा होतो आणि वरचे पांघरूणही सहन होत नाही. आल्फ्रेड गॅरड या इंग्रज वैद्याने १८४८ साली अशा रोग्यांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असते हे दाखवून दिले. आणि त्यानेच १८५९ साली ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव रूढ केले. दोन दुखणी एकमेकांपासून वेगळी काढणे हीच त्याची मोठी कामगिरी होती. त्या दोहोंची औषधे आजही निरनिराळी आहेत.

तिसरे कारण आपल्या देशात विसरून चालणार नाही. १९५२ साली टांगानिकात चिकुनगुन्याची साथ आली. माकोंडे भाषेतील या नावातच वेदनेने वाकून जाण्याचा अर्थ आहे. डासांनी पसरवलेला हा ताप १९६३ साली कलकत्त्यात, १९७३ साली बार्शीत आणि २००६ साली देशाच्या फार मोठ्या भागात पसरला. ताप उतरतो, परंतु सांधे कित्येक महिने धरून राहतात. ज्याला आधीच आमवात आहे त्याला हा आपलाच जुना रोग उसळला असे वाटणे साहजिक आहे. म्हणून गेल्या काही दिवसांत ताप आला होता काय, गावात साथ आहे काय, जुलाब झाले होते काय, हे आठवून सांगावे. कारण काही प्रकारच्या जुलाबांनंतरही सांधे सुजतात.

चौथे कारण सर्वांत निकडीचे. एकच सांधा एकाएकी सुजला, लाल व कढत झाला, हलवता येईना, तर त्यात जंतूंचा पू होत असण्याची शक्यता प्रथम धरली पाहिजे. असा सांधा काही दिवसांतच कायमचा निकामी होऊ शकतो आणि विष रक्तात भिनले तर जीवही जाऊ शकतो. आधीच बिघडलेल्या सांध्यात जंतू सहज घर करतात. शिवाय आपली औषधे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी असल्यामुळे ताप फारसा येतही नाही. म्हणून ताप नाही यावर विसंबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सुईने सांध्यातील पाणी काढून तपासले म्हणजे जंतू आहेत की युरिक ॲसिडचे स्फटिक, याचा उलगडा होतो. क्षयाचे जंतू मात्र सांध्यात सावकाश शिरतात. महिनोन् महिने एकच सांधा कुरबुरत राहिला आणि वजन उतरू लागले तर तीही शंका घेणे प्राप्त आहे.

शेवटचे कारण औषधांतूनच येते. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रोग्यास कॉर्टिझोन दिले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. केंडॉल व राइखश्टाइन यांच्यासह त्यांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु या स्टिरॉइडची किंमतही पुढे कळून आली. ते दीर्घकाळ घेतल्याने हाडे विरळ होतात. कधी मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि जांघेत कळ येऊ लागते. पाठीत अचानक उठलेली तीव्र कळ मणका दबल्याचीही असू शकते. पण म्हणून भिऊन गोळ्या एकदम बंद करणे त्याहून घातक. शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवणे विसरलेले असते. मात्रा डॉक्टरांनीच हळूहळू उतरवावी लागते.

मात्रा वाढवण्याविषयीही तेच. आमवातावर आज सर्वत्र वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. कळ वाढली म्हणून ते रोज घेणारा मनुष्य प्राणास मुकू शकतो. नाव नसलेल्या पुड्यांपासून तर दूरच राहावे. त्यांनी येणारा चमत्कारिक आराम पुष्कळदा त्यांत लपवलेल्या स्टिरॉइडचा असतो. वेदनाशामक गोळ्याही पोट, मूत्रपिंड आणि हृदय यांच्याकडून आपला हिशेब वसूल करून घेतात.

मग डॉक्टरांची भेट होईपर्यंत करावे काय? सुजलेल्या सांध्याला विसावा द्यावा, पण अंथरूण धरून बसू नये. कढत सुजेवर गार पाण्याची घडी आणि नुसत्या आखडलेपणावर शेक, असा विवेक ठेवावा. सुजलेला सांधा कोणाकडून जोराने चोळून किंवा ओढून घेऊ नये. आणि एक लहानशी वही करावी. कोणता सांधा, कोणत्या तारखेपासून, सकाळी किती वेळ ताठर, रात्री झोप मोडते काय, नवे औषध कोणते सुरू झाले, एवढ्या नोंदी पुरेत. दवाखान्यात मिळणारी पाच मिनिटे अशा वहीमुळे सत्कारणी लागतात.

घरच्यांनाही दोन शब्द सांगावेत. सूज दिसते, कळ दिसत नाही. म्हणून ‘काल तर बाजारात जाऊन आलात’ हा प्रश्न निघतो. दाहाचे दुखणे आज असते व उद्या नसते, हा त्याचा स्वभाव आहे, रोग्याचे ढोंग नव्हे. इतके घरात एकदा स्पष्ट झाले म्हणजे नवी कळ लपवण्याचे कारण उरत नाही.

सोसणे हा आपल्याकडे गुण मानला जातो, आणि जुन्या आजारात तो हवाच. परंतु सोसण्यापूर्वी काय सोसतो आहोत हे जाणून घेणे अधिक शहाणपणाचे. हातांनी घास घेता यावा, स्वतःची गुंडी स्वतः लावता यावी, सही ओळखू येईल अशी करता यावी, इतके साधे स्वातंत्र्य यावर अवलंबून असते. आलेली कळ जुनी की नवी हे ठरवण्याआधी ती नोंदवून ठेवावी आणि जाणत्याकडून वाचवून घ्यावी. फाईल कोणती, ते नंतर ठरवता येईल.