व्हीपीएन 'कनेक्टेड' दाखवतंय, पण वेबसाइटला तुमचा कोणता पत्ता दिसतोय?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत मी आणि माझी एक मैत्रीण बसलो होतो. ती इन्स्टाग्रामवर एक निनावी पेज चालवते. गोदावरीत मिसळणारं सांडपाणी, पाण्यावर तरंगणारा फेस, पाणवेली. फोटो, तारीख, ठिकाण, बस. पेज कोणाचं आहे हे तिच्या घरीही माहीत नाही.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"अगं, व्हीपीएन आहे ना. हे बघ," असं म्हणत तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. हिरव्या गोलात 'कनेक्टेड' लिहिलेलं होतं. देश, नेदरलँड्स.

आम्ही आयपी तपासणारं एक पान उघडलं. पहिल्या ओळीत खरंच नेदरलँड्सचा पत्ता होता. त्याखाली आणखी एक, बराच लांब पत्ता होता. त्याच्यापुढे देश होता भारत, आणि कंपनी होती तिच्या सिमकार्डाची. लॅपटॉप तिच्याच फोनच्या हॉटस्पॉटवर चालू होता.

म्हणजे व्हीपीएन सुरू होतं, पैसे भरलेले होते, आणि तरीही वेबसाइटला तिचा खरा पत्ता दिसत होता. असं कसं झालं?

आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे काय?

तुम्ही एखादी वेबसाइट उघडता तेव्हा तिला उत्तर परत पाठवायला पत्ता लागतो. कुरिअरवाल्याला घराचा लागतो तसाच. इंटरनेटवरचा हा पत्ता म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. त्याशिवाय पान उघडूच शकत नाही, त्यामुळे प्रत्येक वेबसाइटला कोणता ना कोणता पत्ता दिसतोच.

या पत्त्यांचे दोन प्रकार आहेत. जुना आयपीव्ही४, म्हणजे टिंबांनी जोडलेले चार आकडे. असे पत्ते जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी होऊ शकतात. जगाला ते पुरेनात. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. ही टंचाई ओळखून नवा आयपीव्ही६ त्याआधीच तयार केलेला होता. तो लांबलचक असतो, त्यात आकडे, इंग्रजी अक्षरं आणि मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं असतात.

भारत आयपीव्ही६ वापरण्यात जगातल्या आघाडीच्या देशांपैकी एक आहे. २०१६ नंतर फोरजी घराघरांत पोहोचलं तेव्हा मोबाइल कंपन्यांनी हे नवे पत्ते मोठ्या प्रमाणावर वापरायला घेतले. त्यामुळे तुमच्या फोनला आत्ता बहुधा दोन्ही प्रकारचे पत्ते असतील.

मैत्रिणीची गडबड इथेच होती. तिचं व्हीपीएन फक्त जुना पत्ता बदलत होतं. नव्या पत्त्याने जाणारी माहिती थेट सिम कंपनीच्या रस्त्याने बाहेर पडत होती. याला आयपीव्ही६ लीक म्हणतात.

व्हीपीएन नेमकं काय करतं?

तुमचं इंटरनेट आधी व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरकडे जातं आणि तिथून पुढे वेबसाइटकडे. तिथपर्यंतचा रस्ता एन्क्रिप्टेड असतो. वेबसाइटला तुमच्याऐवजी त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो आणि तुमच्या इंटरनेट कंपनीला एवढंच दिसतं, की तुम्ही एका सर्व्हरशी बोलताय.

हे सगळं तेव्हाच खरं, जेव्हा सगळी माहिती त्याच रस्त्याने जाते. अ‍ॅपमधलं 'कनेक्टेड' हे रस्ता तयार झाल्याचं सांगतं. कोण त्या रस्त्याने गेलं आणि कोण बाजूच्या गल्लीतून, हे सांगत नाही. ते आपणच तपासावं लागतं.

स्वतः कसं तपासायचं?

पाच मिनिटांचं काम आहे. ब्राउझर आणि एक कागद पुरे.

१. आधी व्हीपीएन बंद ठेवून बघा. आयपीलीक डॉट नेट किंवा ब्राउझरलीक्स डॉट कॉम यांसारखं पान उघडा. दोन्ही प्रकारचे पत्ते आणि त्यापुढचं कंपनीचं नाव लिहून घ्या. ही तुमची खरी ओळख. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. नाशिकमध्ये बसून तपासलं तर शहर 'मुंबई' किंवा 'पुणे' दिसू शकतं. मोबाइल कंपन्यांचं इंटरनेट बऱ्याचदा मोठ्या शहरातल्या केंद्रातून बाहेर पडतं आणि पत्त्यावरून जागा सांगणाऱ्या याद्या अंदाजाने बनवलेल्या असतात. त्यामुळे 'मुंबई' दिसली म्हणजे व्हीपीएन काम करतंय, असं समजू नका. शहरापेक्षा कंपनीचं नाव बघा.

२. व्हीपीएन सुरू करा आणि तेच पान पुन्हा उघडा. आता कागदावरच्यापैकी एकही पत्ता दिसायला नको. आयपीव्ही६ च्या जागी रिकामं किंवा व्हीपीएन कंपनीचा पत्ता असेल तर ठीक. तो २४०१, २४०२ किंवा २४०९ अशा आकड्यांनी सुरू होत असेल तर जास्त काळजीपूर्वक बघा. आपल्याकडच्या मोठ्या मोबाइल कंपन्यांचे पत्ते असे सुरू होतात.

३. डीएनएस बघा. आपण वेबसाइटचं नाव टाइप करतो, पण इंटरनेटला आकडे लागतात. नावावरून आकडे शोधून देणारी डिरेक्टरी म्हणजे डीएनएस. ही चौकशी व्हीपीएनबाहेरून गेली, तर तुम्ही कोणत्या वेबसाइट शोधताय हे इंटरनेट कंपनीला कळतं. डीएनएसलीकटेस्ट डॉट कॉमवर चाचणी घ्या. यादीत तुमच्या सिम किंवा ब्रॉडबँड कंपनीचं नाव आलं तर गळती आहे.

४. वेबआरटीसी बघा. ब्राउझरमधूनच व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून ही सोय असते. समोरच्याशी थेट जोडणी करण्यासाठी ती तुमचा पत्ता शोधून काढते. २०१५ मध्ये लक्षात आलं, की एखादी वेबसाइट कॉल न करताही याच वाटेने पत्ता विचारू शकते. व्हीपीएन फक्त ब्राउझरचं एक्स्टेंशन असेल तर हा धोका जास्त. वर सांगितलेल्या पानांवर याचा वेगळा रकाना असतो.

५. ज्या अ‍ॅपसाठी व्हीपीएन घेतलं, ते आत आहे का बघा. एक्स्टेंशन फक्त त्या ब्राउझरपुरतं चालतं. तुम्ही पोस्ट फोनवरच्या अ‍ॅपमधून करत असाल तर लॅपटॉपवरच्या एक्स्टेंशनचा काही उपयोग नाही. व्हीपीएन अ‍ॅपमध्ये 'स्प्लिट टनलिंग' सुरू असेल, तर काही अ‍ॅप मुद्दाम बाहेर ठेवलेली असू शकतात.

६. नेटवर्क बदलून पुन्हा बघा. वायफाय सोडून मोबाइल डेटावर येताना व्हीपीएन क्षणभर तुटतं, आणि तेवढ्यात खरा पत्ता बाहेर जातो. नाशिकहून मुंबईला ट्रेनने जाताना कसारा घाटात रेंज जाते-येते, तेव्हा असं अनेकदा होऊ शकतं. यावर उपाय म्हणजे 'किल स्विच', म्हणजे व्हीपीएन तुटलं की इंटरनेटच बंद. अँड्रॉइड फोनमध्ये व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये 'ऑलवेज-ऑन व्हीपीएन' आणि 'ब्लॉक कनेक्शन्स विदाऊट व्हीपीएन' असे दोन पर्याय बहुतेक व्हीपीएन अ‍ॅपसाठी मिळतात. दोन्ही सुरू करा.

'भारत' निवडलं, तर सर्व्हर भारतातच असतो का?

नसतोही. यामागे एक सरकारी आदेश आहे.

२८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या सायबर सुरक्षा संस्थेने निर्देश काढले. त्यानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन नंबर, ईमेल, त्याला दिलेले आयपी आणि वापराचा हेतू अशी माहिती किमान पाच वर्षं जपून ठेवायची आहे. ग्राहकाने सेवा सोडली तरीही. कंपन्यांच्या अंतर्गत ऑफिस व्हीपीएनला यातून वगळलं आहे.

'आम्ही नोंदी ठेवत नाही' याच आश्वासनावर धंदा करणाऱ्या कंपन्या अडचणीत आल्या. जून २०२२ मध्ये एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. एक्स्प्रेसव्हीपीएनने मग सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या सर्व्हरना भारतीय आयपी पत्ते दिले. म्हणजे परदेशातल्या एखाद्या मराठी कुटुंबाने मालिका बघायला 'भारत' निवडलं, तर वेबसाइटला भारतीय पत्ता दिसतो, पण माहिती जाते सिंगापूरमार्गे.

यातून एक कळतं. तपासणीच्या पानावर दिसणारा देश ही यादीतली नोंद आहे. मशीन कुठल्या खोलीत आहे, हे त्यावरून सांगता येत नाही.

भारतात व्हीपीएन वापरणं सरसकट बेकायदा नाही. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने यापूर्वी तात्पुरती बंदी घातली होती. आणि गुन्हा हा व्हीपीएन लावून केला तरी गुन्हाच राहतो.

फुकटचं व्हीपीएन चालेल का?

इथे दोन जुनी उदाहरणं पुरेशी आहेत.

'होला' हे फुकट व्हीपीएन लोकप्रिय होतं. २०१५ मध्ये उघड झालं, की ते एका वापरकर्त्याच्या इंटरनेटवरून दुसऱ्याची माहिती पाठवत होतं आणि ही जोडणी दुसऱ्या नावाने विकतही होतं. म्हणजे कुणी अनोळखी माणूस काहीतरी उद्योग करणार आणि वेबसाइटला पत्ता दिसणार तुमचा.

'ओनावो' हे अ‍ॅप फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलं. लोक कोणती अ‍ॅप किती वापरतात, हे कंपनीला त्यातून कळत होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये ते अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवरून हटलं आणि २०१९ मध्ये बंद झालं.

व्हीपीएन घेतलं की इंटरनेट कंपनीवरचा विश्वास आपण व्हीपीएन कंपनीकडे सोपवतो. ती कंपनी कोणाची आहे आणि तिचं उत्पन्न कुठून येतं, हे आधी शोधा.

पत्ता लपला म्हणजे माणूस लपला का?

नुसत्या आयपीवरून वेबसाइटला तुमचं नाव कळत नाही. पण तिच्याकडे पत्ता आणि वेळ असते. त्या वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद इंटरनेट कंपनीकडे असते. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हापासून कंपन्यांना अशा नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. तपास यंत्रणेने कायदेशीर मार्गाने दोन्ही माहिती मागवली की जोडी जुळते. म्हणून एकदाच झालेली गळतीही पुरेशी असते.

आणि पत्ता अजिबात गळला नाही तरी बाकीच्या खुणा उरतात. तुम्ही लॉगिन केलेलं असतं. खात्याला मोबाइल नंबर जोडलेला असतो. लोकेशनची परवानगी दिली असेल तर जीपीएस थेट जागा सांगतो, त्याचा आयपीशी संबंधच नाही. ब्राउझर तुमच्या घड्याळाची वेळही सांगतो. पत्ता नेदरलँड्सचा आणि घड्याळ भारताचं, हे वेबसाइटच्या लक्षात येऊ शकतं.

मग मैत्रिणीने काय केलं?

आधी व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ रोखण्याचा पर्याय शोधला. तो त्यात नव्हता. मग लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन आयपीव्ही६ बंद केलं आणि पान पुन्हा उघडलं. दुसरी ओळ रिकामी झाली होती.

ती खूश झाली. मी विचारलं, "पेजच्या खात्याला नंबर कोणता दिलायस?"

ती थोडा वेळ गप्प बसली. "माझाच," म्हणाली.

मग आम्ही दुसरी कॉफी मागवली आणि खात्याच्या सेटिंग उघडल्या. ते काम आयपी तपासण्यापेक्षा जास्त वेळ चाललं.