उसन्या पत्त्यांची दहा वर्षं

आपण कोण हे बँकेच्या संकेतस्थळाला कळण्याआधी आपण कुठून आलो ते कळतं. पासवर्ड टाकायच्या आतच आपला आयपी पत्ता तिकडे पोचलेला असतो. जालन्यात बसून दुबईच्या किंवा न्यू जर्सीच्या ग्राहकांसाठीची बँकिंगची पानं तपासायची म्हटलं, की अडचण इथूनच सुरू होते. तिथल्या माणसाला लॉगिनचं पान कसं दिसतं, ओटीपीची चौकट कधी उघडते, पैसे पाठवताना कोणती सूचना येते, हे जालन्याच्या जोडणीवरून नीट दिसतच नाही. मग तिथल्या एखाद्या घरच्या इंटरनेटमधून वाट काढावी लागते. या सोयीला रेसिडेन्शियल प्रॉक्सी म्हणतात. गेल्या दहा वर्षांत तिचा मोठा बाजार उभा राहिला. ज्याच्या घरातून ही वाट जाते, त्याला कोणी विचारलं का, हा प्रश्न मला पहिल्यापासून सतावत आला आहे.

आधी हे काम डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवरून भागत असे. पण सामान्य ग्राहक सर्व्हरच्या पत्त्यावरून खातं बघायला येत नाही, हे बँकांनी हेरलं आणि असे पत्ते अडवले जाऊ लागले. घरगुती पत्त्यांना भाव आला तो त्यामुळे. मे 2015 मध्ये होला या फुकट व्हीपीएनचं बिंग फुटलं. तिच्या वापरकर्त्यांच्या घरच्या जोडण्या लुमिनाटी या नावाखाली पैसे घेऊन दुसऱ्यांना वापरायला दिल्या जात होत्या. एटचॅन या संकेतस्थळावर त्याच जोडण्यांतून हल्ला झाला, तेव्हा हे जगाला कळलं. लुमिनाटीचं नाव 2021 मध्ये ब्राइट डेटा झालं.

आपल्याकडे या विषयाची धग पोचली ती पुण्यातून. शनिवार, 11 ऑगस्ट 2018. कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या मध्ये चोरांनी बनावट यंत्रणा बसवली होती. बनावट कार्डांवरून पैशांची मागणी येई आणि बँकेच्या मूळ खात्यांना विचारल्याशिवाय ती मंजूर होई. काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये निघाले, देशातून अडीच कोटी गेले. सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्फत आणखी 13 कोटी 92 लाख हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका खात्यात पाठवले गेले. एकूण 94 कोटी 42 लाख. घरगुती प्रॉक्सीचा हा प्रकार नव्हता. पण एका सहकारी बँकेचे पैसे एकाच दिवशी 28 देशांतून निघतात आणि तिला त्याचा पत्ता लागत नाही, हे पाहून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सहकारी बँकांचे डोळे उघडले. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2018 मध्ये नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेचे किमान नियम घालून दिले, डिसेंबर 2019 मध्ये ते बँकेच्या डिजिटल सेवांचा आणि पेमेंट यंत्रणांशी असलेल्या जोडणीचा आवाका पाहून टप्प्याटप्प्यानं आणखी कडक केले. व्यवहार कुठून आला, ही विचारणा छोट्या बँकांच्या दारातही आली.

पत्त्यावरून ठिकाण ओळखणं मुळातच कच्चं आहे, हे आमच्या भागात रोज दिसतं. जालन्यातला मोबाइल अनेकदा मुंबईत दिसतो, कारण मोबाइल कंपनी असंख्य ग्राहकांना मोजक्या पत्त्यांमागून बाहेर सोडते. अंबड किंवा परतूरचा खातेदार आपल्याच बँकेला परका वाटू शकतो. प्रॉक्सीतून चाचणी करताना उलटी गंमत होते. देश निवडला, शहर निवडलं, पान उघडलं, चाचणी खात्याचं नाव टाकलं. तेवढ्यात प्रॉक्सीनं पत्ता बदलला. बँकेच्या दृष्टीनं शारजातला माणूस क्षणात अबू धाबीला पोचला. सत्र तुटतं, पुन्हा पुन्हा झालं तर खातं गोठतं. म्हणून लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत पत्ता एकच ठेवायचा, ही या कामातली पहिली शिकवण. आणि ओटीपी तिथल्या सिमवरच जातो; प्रॉक्सी कितीही चांगली असली तरी तो जालन्यात येत नाही.

मे 2024 मध्ये या बाजाराची खरी किंमत दिसली. 911 एस5 या जाळ्याचा सूत्रधार सिंगापुरात पकडला गेला. फुकट व्हीपीएनच्या आडून जवळपास 200 देशांतले 1 कोटी 90 लाखांहून जास्त आयपी पत्ते त्यानं विकायला ठेवले होते. त्यांच्या आडून अमेरिकेत बेकारी भत्त्याचे खोटे दावे झाले आणि नुकसान 5.9 अब्ज डॉलरच्या वर गेलं, असं अमेरिकी सरकारचं म्हणणं आहे. जून 2025 मध्ये एफबीआयनं स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्सबद्दल इशारा दिला. त्यातले काही घरात येतानाच दूषित असतात आणि घरची जोडणी परक्यांना वापरायला देतात. असा डबा जालन्यातल्या कुठल्याही दिवाणखान्यात असू शकतो. त्यातून कोणी गुन्हा केला, तर तपासाची सुई आधी त्या घराकडेच वळते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. चाचणीसाठी घरची जोडणी लागत असेल, तर ती सांगून, विचारून घ्यावी. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतलं कोणीतरी आज आखातात किंवा अमेरिकेत आहे. ‘दादा, जरा तुमच्या वायफायवरून हे पान उघडून दाखवता का?’ असं विचारलं की निम्मं काम होतं, आणि समोरच्याला आपण काय करतोय हे ठाऊक असतं. बँकेची लेखी परवानगी नसेल तर हात लावू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं 43 आणि 66 तिथं लागू होतात.

जानेवारी 2023 मध्ये सिंगापूर, अमेरिका, अमिरातीसह दहा देशांतल्या मोबाइल क्रमांकांवर अनिवासी खात्यांना यूपीआयची वाट मोकळी झाली. त्यामुळे परदेशातल्या ग्राहकांसाठीच्या पानांची तपासणी आता आणखी वाढणार आहे. जालन्यातली जी मुलं या कामात उतरताहेत, त्यांनी करारात तीन ओळी आवर्जून घालून घ्याव्यात: चाचणी खाती बँकेनं दिलेली असतील, ज्यांच्या जोडण्या वापरायच्या त्यांची संमती प्रॉक्सीचा पुरवठादार लेखी दाखवेल, आणि कोणत्या वेळी कोणता पत्ता वापरला याची नोंद दोन्ही बाजूंकडे राहील.