विशेष गरजा असणाऱ्या बालकांचे शिक्षण व शासकीय निधी

मुठेकाठचे वारजे १९९७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. अशा वाढत्या उपनगरातील एखादे दृष्टिहीन वा कर्णबधिर बालक महानगरपालिकेच्या शाळेत दाखल झाल्यास त्याच्या विशेष गरजांचा खर्च कसा भागविला जातो, हे पालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमान्वये ६ ते १८ वर्षे वयाच्या, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकास नजीकच्या अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत अशा दर बालकामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद ठरविण्यात आली. महाराष्ट्रात या योजनेचा ६० टक्के भार केंद्र व ४० टक्के भार राज्य शासनाकडे ठेवण्यात आला. ब्रेल पुस्तके, साहाय्यक उपकरणे, मदतनीस व प्रवास भत्ता यांसाठी हा निधी असतो. मुलींना याखेरीज दरमहा २०० रुपये, १० महिने, असे विद्यावेतन ठरविण्यात आले. शाळेत येणे अशक्य असणाऱ्यांसाठी गृहाधारित शिक्षणाची सोय आहे.

वार्षिक आराखडा मात्र शाळांनी नोंदविलेल्या संख्येवर आखला जातो. संकोचापोटी घरी ठेवलेले मूल या गणतीतून वगळले जाते व त्याच्या वाट्याची तरतूदही होत नाही. केंद्र शासनाने २०२२ साली प्राथमिक स्तरावर दर १० बालकांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. तेही पटावरील संख्येवरच अवलंबून आहे.

यास्तव पालकांनी मुलाचे नाव शाळेत घालताना त्याची अडचण मुख्याध्यापकांपासून लपवू नये. तिची नोंद हीच साहाय्याची पहिली पायरी होय.